उपग्रहाचें उष्णतामान आणि पेरणीचा निर्णय

मृगाच्या सरी पडून जमिनीस वाफसा आला, कीं प्रत्येक शेतकऱ्यापुढें एकच प्रश्न उभा राहतो: पेरावें कीं थांबावें? पेरल्यावर पावसानें ओढ दिली तर बी, खत व मजुरी वायां जाऊन दुबार पेरणीचा प्रसंग येतो. थांबावें तर हंगाम पुढें सरकून उत्पन्नांत खोट येते. अशा वेळीं हवामानखात्याच्या अनुमानावर कितपत विसंबावें? हें ठरविण्यास तें अनुमान कसें तयार होतें याची माहिती पाहिजे. त्याचा एक मोठा पाया म्हणजे कृत्रिम उपग्रहांनीं घेतलेलें हवेचें उष्णतामान. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हल्लींचें अनुमान हें मुख्यतः गणित आहे. पृथ्वीवरील सर्व हवेचे चौकोनी भाग कल्पून प्रत्येक भागांतील उष्णता, आर्द्रता, दाब व वारा यांचे आजचे आंकडे मांडावयाचे, आणि पदार्थविज्ञानाच्या नियमांनीं उद्यांचे आंकडे काढावयाचे, ही त्याची रीत होय. आरंभींचा आंकडा चुकला कीं ती चूक दिवसेंदिवस वाढत जाते. वरच्या हवेची माहिती पूर्वीं मुख्यतः फुग्यांपासून मिळे. मुंबई, नागपूर आदि ठिकाणांहून बिनतारी यंत्र बांधलेला फुगा आजहि सोडतात, व तो वर चढतांना ठिकठिकाणचें उष्णतामान कळवितो. परंतु आपल्याकडे पाऊस आणणारा वारा ज्या अरबी समुद्रावरून येतो, तेथें नित्य फुगे कोण सोडणार? ही उणीव उपग्रहांनीं बरीच भरून काढली.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. उपग्रह कांहीं हवेंत उष्णतामापक बुडवीत नाहीं. हवेंतील प्राणवायु आपल्या उष्णतेच्या मानानें सूक्ष्मलहरी बाहेर टाकतो, आणि कार्बन डायऑक्साइड वायु अवरक्त किरण टाकतो. त्यांपैकीं कांहीं लहरी केवळ वरच्या थरांतून उपग्रहापर्यंत पोंचतात, तर कांहीं खालच्या थरांतूनहि येतात. त्या वेगवेगळ्या मोजल्या म्हणजे निरनिराळ्या उंचीवरील उष्णतेचा अदमास बांधतां येतो. ही कल्पना लुइस कॅप्लन या शास्त्रज्ञानें १९५९ सालीं मांडली. १९६९ मध्यें सोडलेल्या निंबस-३ या अमेरिकन उपग्रहावर तिचा प्रयोग झाला. आणि १९७८ च्या टायरॉस-एन या उपग्रहापासून हें मापन नित्याचें झालें.

तथापि आरंभीं अपेक्षेइतकें फळ मिळालें नाहीं, आणि त्याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. ज्वारी, बाजरी व तूर यांच्या मिश्रणाचें तोंड शिवलेलें पोतें तराजूवर ठेवलें, तर केवळ वजनावरून आंत कोणतें धान्य किती, हें कोण सांगेल? एकाच वजनाचीं अनेक मिश्रणें संभवतात. लहरींवरून थेट उष्णतामान काढणें हें असेंच होतें. पुढें १९९० नंतरच्या दशकांत अमेरिका व युरोप येथील केंद्रांनीं उलट वाट धरली. आधींच्या गणितानें आलेला हवेचा अंदाज घ्यावा, तो खरा असता तर उपग्रहास कोणत्या लहरी किती दिसल्या असत्या हें काढावें, आणि प्रत्यक्ष मोजणीशीं ताडून जो फरक पडेल त्याप्रमाणें अंदाज दुरुस्त करावा. दक्षिण गोलार्धांत समुद्र फार व फुगे थोडे, म्हणून तेथील अनुमान उत्तरेकडच्यापेक्षां पुष्कळ मागें असे, इ. स. २००० च्या सुमारास तें जवळजवळ बरोबरीस आलें. त्यांत या मापनाचा मोठा वांटा आहे.

आपल्या देशानें इन्सॅट-३डी (२०१३), ३डीआर (२०१६) व ३डीएस (२०२४) हे उपग्रह सोडले, व त्यांवर असें थरवार मापन करणारीं अवरक्त यंत्रें बसविलीं. परंतु अवरक्त किरण दाट ढग भेदीत नाहींत. म्हणजे ऐन पावसाळ्यांत, जेथें माहितीची सर्वांत अधिक गरज, तेथेंच हें यंत्र आंधळें होतें. सूक्ष्मलहरी बहुतेक ढगांतून पार येतात. मात्र त्या मोजणाऱ्या यंत्राचा एकेक ठिपका कित्येक किलोमीटर रुंद असतो. यामुळें उपग्रहास हवेची मोठी घडण कळते, एकट्या शिवारावरची सर कळत नाहीं.

गणिताच्या चौकोनाचेंहि तसेंच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें तयार केलेली व मे २०२५ मध्यें सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ६ किलोमीटरांचा चौकोन धरते. पूर्वींची पद्धति १२ किलोमीटरांचा धरीत असे. सुधारणा मोठी खरी, तथापि ६ किलोमीटर बाजूच्या चौकोनांत सुमारें ९,००० एकर जमीन येते, व तेवढ्यास पावसाचा आंकडा एकच! ओढ्याच्या अलीकडे पाऊस व पलीकडे कोरडें, हा आपला नित्याचा अनुभव त्यांत कसा उमटावा?

यावरून आम्हांस इतकें सांगावेंसें वाटतें. पुढील तीन-चार दिवसांत पावसाचा जोर वाढेल कीं उघडीप पडेल, एवढ्यापुरतें जिल्ह्याचें अनुमान अवश्य पाहावें, व पेरणी, फवारणी, काढणी त्या बेतानें ठरवावी. गणित रोज नव्यानें होतें, म्हणून आठवड्यापूर्वींच्या अनुमानावर विसंबूं नये. मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून खरीप पेरूं नये, हा शेतकी खात्याचा सल्ला केवळ अनुमान चांगलें आहे म्हणून सोडूं नये; ओल किती खोल गेली, हें शेतांत खणूनच पाहावें.

शेवटीं एक सूचना. उपग्रहाच्या यंत्रांतहि कालांतरानें फेर पडतो, आणि तो ओळखण्यास फुग्यांच्या मोजणीचा आधार आजहि घ्यावा लागतो. तद्वतच गांवचा पाऊस गांवांतच मोजला पाहिजे. प्रत्येक गांवीं निदान एका सभासदानें पर्जन्यमापक बसवून रोज सकाळीं नोंद ठेवावी, आणि ती अनुमानाशीं ताडून पाहावी. दोन-तीन हंगामांत आपल्या शिवारापुरता अनुमानाचा भरंवसा किती, हें ज्याचें त्यास कळूं लागेल. आमचे वाचक येत्या मृगापूर्वींच ही व्यवस्था करतील, अशी आशा आहे.