औजारशाळेच्या भिंतींचा सांगाडा : भार खांबांवर, भिंत केवळ आडोसा

नांगर, कुळव, तिफण, फवारणीचा पंप, विजेची मोटार ही शेतकऱ्याची खरी दौलत होय. ती उघड्यावर राहिल्यास लाकूड उकलते, लोखंड गंजते आणि ऐन पेरणीच्या दिवसांत सुताराकडे खेपा घालाव्या लागतात. म्हणून शेतावर किंवा घराजवळ औजारे ठेवण्यास व त्यांची किरकोळ दुरुस्ती करण्यास एक लहानशी औजारशाळा असणे हितावह असते. घरातील माणसे, दोनचार शेजारी आणि एखाद्या जाणत्या सुताराचे मार्गदर्शन एवढ्यावर ती उभारता येते. मात्र तिच्या भिंतींचा सांगाडा कसा करावा, याचा विचार पाया खणण्यापूर्वीच झाला पाहिजे.

सोलापूर भागाने घ्यावयाचा धडा

आपल्या भागात जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद ही जुनी रीत आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात असे घर थंड राहते, हा तिचा गुण निर्विवाद आहे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी व तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर या परिसरात भूकंप झाला, तेव्हा या रीतीतील दोष उघड झाला. त्या पहाटे सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्यू पावली. त्यांतील बहुतेक जण आपल्याच घराच्या भिंती व माळवद यांखाली सापडले.

त्या भिंती दोन फूट आणि कित्येक ठिकाणी त्याहूनही जाड होत्या. पण बाहेरचा थर वेगळा, आतला थर वेगळा, मध्ये चिपा व माती, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, अशी त्यांची रचना होती. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले व भिंत ढासळली. याउलट ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांब व तुळया यांच्या खणांवर होता, तेथे अनेक ठिकाणी भिंती पडूनही सांगाडा उभा राहिल्याचे आढळले. पुढे घरांच्या मजबुतीकरणात भिंतींत आरपार बांधणी घालणे व लाकडी खांबांना तिरपे आधार देणे, या गोष्टींवर भर देण्यात आला.

भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात लागतो, हेही ध्यानात घ्यावे. १८ फूट लांब व १२ फूट रुंद छपरावर एक फूट माती घातली, तर ती २१६ घनफूट होते. घनफुटास सुमारे ४५ किलो धरल्यास हे ओझे जवळजवळ १० टन भरते. तेवढ्याच जागेवरील पत्रे दीडशे किलोच्या आत बसतात. भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत सोलापूर तिसऱ्या भूकंप विभागात दाखविले आहे. तेव्हा औजारशाळेचे छप्पर हलके ठेवावे, त्याचा भार खांबांवर घ्यावा आणि भिंतीकडे केवळ आडोशाचे काम सोपवावे.

आखणी व पाया

वर सांगितलेलेच १८ बाय १२ फुटांचे माप घेऊ. सहा-सहा फुटांवर खांब घेतल्यास चारही बाजू मिळून १० खांब लागतात. कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी एका बाजूवर ६ फूट व दुसऱ्या बाजूवर ८ फूट खूण करावी. या दोन खुणांमधील अंतर बरोबर १० फूट भरले पाहिजे. शेवटी दोन्ही कर्ण मोजावेत. प्रत्येक कर्ण सुमारे २१ फूट साडेसात इंच आला व दोन्ही सारखे भरले, म्हणजे आखणी बिनचूक समजावी.

काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर टेकलेला खांब दरवर्षी थोडाथोडा हलतो. यास्तव पाया घट्ट मुरूम लागेपर्यंत नेला पाहिजे. मुरूम फार खोल असल्यास जागा बदलावी, अथवा अभियंत्याचा सल्ला घ्यावा. जोते जमिनीपासून निदान एक फूट उंच असावे आणि पावसाचे पाणी चारही बाजूंनी दूर वाहून जाईल असा उतार ठेवावा.

खांब

बाभळीचे सरळ, बिनगाठीचे व चांगले वाळलेले लाकूड या कामास योग्य असते. चार ते पाच इंच चौरस माप पुरेसे होते. ओले लाकूड वापरू नये, कारण ते वाळताना पिळते व सांधे सैल होतात. पुढील खांब १० फूट, मागील ८ फूट आणि बाजूंचे मधले ९ फूट ठेवल्यास छपरास पुरेसा उतार मिळतो.

खांब थेट मातीत पुरू नयेत. जमिनीलगत ओल व वाळवी मिळून त्यास आधी कुजवितात आणि वरून धडधाकट दिसणारा खांब पायथ्याशीच मोडतो. पूर्वीच्या कारागिरांनी खांबाखाली दगडी उथळा बसविला तो याच कारणाने. परंतु उथळ्यावर नुसता टेकलेला खांब वाऱ्याने उचलला जाऊ शकतो. म्हणून पायात काँक्रीटचा ठोकळा करून त्यात दोन लोखंडी पट्ट्यांची वाकविलेली टोके पक्की करावीत, पट्ट्यांच्या मध्ये खांब बसवावा आणि आरपार दोन बोल्ट घालावेत. खांबाच्या बुडास डांबराचा लेप द्यावा.

तुळई आणि तिरपा आधार

खांबांच्या माथ्यावरून चारही बाजूंनी तुळई फिरवावी. तिचा जोड खांबावरच यावा, दोन खांबांच्या मध्ये येऊ नये. जोडाच्या ठिकाणी दोन्ही लाकडे अर्धी-अर्धी कापून एकमेकांवर बसवावीत व वॉशरसह बोल्टाने आवळावीत. कोपऱ्यावर दोन तुळया लोखंडी पट्टीने बांधाव्यात. नुसत्या खिळ्यांवर विसंबू नये.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा असून नेमका तोच बहुधा वगळला जातो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो सभेत प्रत्यक्ष करून दाखवावा. चार काठ्यांची चौकट करून प्रत्येक कोपऱ्यात एकच खिळा मारावा. बाजूने ढकलताच चौकट तिरकी होऊन आडवी पडते. आता एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पाचवी काठी ठोकावी. मग कितीही ढकलले तरी चौकट आकार सोडत नाही. खांब व तुळई यांचा सांगाडा वरचा भार पेलतो, पण बाजूचा धक्का सोसण्यास त्याला ही पाचवी काठी लागते.

म्हणून दोन्ही लांब बाजूंच्या टोकांच्या खणांत आणि आखूड बाजूंच्या दोन्ही खणांत तिरपे आधार द्यावेत. एका बाजूचे दोन आधार परस्परविरुद्ध दिशांना झुकलेले असावेत. तीन इंच बाय दोन इंचाचे लाकूड किंवा लोखंडी अँगल चालतो. दोन्ही टोके बोल्टाने पक्की करावीत. दार पुढील बाजूच्या व खिडकी मागील बाजूच्या मधल्या खणात घ्यावी, म्हणजे कोपऱ्याचे खण आधारांसाठी मोकळे राहतात.

उभारणी

लांब बाजूचे चार खांब, तुळई व तिरपे आधार जमिनीवर आडवे ठेवूनच जोडावेत. हा सांगाडा अडीचशे किलोच्या आसपास भरतो. सबब तो उचलण्यास निदान आठ माणसे व दोन्ही बाजूंना दोर असावेत. लहान मुले व जनावरे दूर ठेवावीत. सांगाडा उभा होताच ओळंबा लावून तात्पुरते टेकू द्यावेत आणि आखूड बाजू जोडेपर्यंत ते काढू नयेत. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचा वारा सुटतो. अर्धवट उभारलेला सांगाडा टेकूंवाचून रात्रभर सोडू नये.

भराव व छप्पर

खालचा तीन फूट भाग विटांचा करावा. दगडच वापरावयाचा असल्यास भिंत दीड फुटापेक्षा जाड करू नये. उंचीत दर दोन फुटांवर व लांबीत दर चार फुटांवर भिंतीच्या पूर्ण जाडीचा एक आरपार दगड घालावा. त्याच्या वर आडव्या पट्ट्या ठोकून बांबूचा किंवा तुराट्यांचा कुड विणावा आणि दोन्ही अंगांनी माती, भुसकट व शेण यांचा गिलावा द्यावा. असा कुड हलका असतो, घरच्याच सामानातून होतो आणि हादऱ्याने तडकला तरी माणसावर ढिगारा कोसळत नाही.

वासे तुळईस लोखंडी पट्टीने बांधावेत आणि पत्रे हूकबोल्टाने आवळावेत. पत्र्यांवर दगड ठेवण्याची सवय घातक आहे. वादळात पत्र्याबरोबर तो दगडही उडतो व भूकंपात तो डोक्यावर येतो.

वर्षातून एकदा पाहणी

मृगापूर्वी एक दिवस यासाठी राखून ठेवावा. बोल्ट आवळावेत, खांबांच्या बुडाशी वाळवीची माती दिसते काय ते पाहावे, गिलाव्यातील भेगा बुजवाव्यात. जागेची अडचण होते म्हणून कोणी तिरपा आधार काढून टाकला असल्यास तो त्याच दिवशी परत बसवावा. येथे दिलेली मापे औजारांच्या एकमजली शेडपुरतीच आहेत. राहते घर बांधताना अथवा जुन्या माळवदाचे घर मजबूत करताना अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी. तोवर निदान एवढे अवश्य करावे, की गळती थांबविण्यासाठी जुन्या माळवदावर दरवर्षी नवी माती चढवू नये. आधीची सैल माती उतरवून मगच नवा थर द्यावा.