आज मेसला काय आहे?

हॉस्टेलमध्ये रोज संध्याकाळी साडेसातला एकच प्रश्न विचारला जातो, "आज मेसला काय आहे गं?" उत्तरही ठरलेलं, "बटाटा!" कधी तो रश्श्यात बुडालेला असतो, कधी वांग्याच्या सोबतीला, तर कधी कोबीच्या आडून डोकावत असतो. फिजिक्समध्ये जसे युनिव्हर्सल कॉन्स्टंट असतात, तसा आमच्या मेसमध्ये बटाटा! असले विनोद दरवर्षी या अंकात येतात आणि आपण सगळे हसतो. मागच्या वर्षीपर्यंत मीही हसत होते.

मग एन.एस.एस.चं रक्तदान शिबिर आलं. आम्ही पाच मैत्रिणी मोठ्या ऐटीत रांगेत उभ्या राहिलो. बोटाला सुई टोचून झाली आणि सिस्टर म्हणाल्या, "तुझं हिमोग्लोबिन १०.८ आहे. रक्त द्यायला कमीत कमी १२.५ ग्रॅम लागतं. आधी स्वतःकडे बघ बाळा." पाचपैकी तिघी परत आलो. बिस्किटाचा पुडासुद्धा मिळाला नाही! जिना चढताना लागणारी धाप आणि पहिल्या लेक्चरला येणारी झोप, यात सगळा दोष सरांचा नव्हता हे त्या दिवशी कळलं.

हा प्रश्न आम्हा तिघींचाच आहे असंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. मुलांनी हसू नये, पुरुषांमध्येही हे प्रमाण २५ टक्के होतं.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. ॲनिमिया झाला असेल तर गोळ्यांना पर्याय नाही, नुसतं बीट खाऊन भागत नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "चहा कधी पितेस?" मी म्हटलं, "जेवण झाल्या झाल्या, टपरीवर." त्यावर त्यांनी नुसतं कपाळाला हात लावला.

चहा विरुद्ध लिंबू

भाजी, डाळ, भाकरी यांत लोह असतं, पण शरीराला ते सहजासहजी मिळत नाही. चहातलं टॅनिन या लोहाला धरून ठेवतं, त्यामुळे ते आतड्यात शोषलं जात नाही. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाआधी व जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे.

याच्या उलट काम लिंबू करतं. लिंबातलं सी जीवनसत्त्व फेरिक लोहाचं फेरसमध्ये रूपांतर करतं आणि फेरस लोह लवकर शोषलं जातं. फर्स्ट इयरला केमिस्ट्रीत आपण हेच रिडक्शन शिकलो, फक्त ते पोटात चालतं हे कुणी सांगितलं नव्हतं! लिंबू मात्र भाजी खाली उतरवल्यावर किंवा ताटातच पिळायचं, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होतं. लिंबू महाग असेल तेव्हा आवळा किंवा पेरू खा. पेरूत हे जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं, आणि गेटबाहेरच्या गाडीवर तो तिखट-मीठ लावून मिळतो. अजून काय पाहिजे?

आजीचा सिलॅबस

मी कॉन्व्हेंटची. हेल्दी फूड म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे ओट्स, कॉर्नफ्लेक्स नि काचेच्या बाऊलमधलं सॅलड यायचं. ते आपल्या खिशाला परवडत नाही, म्हणून विषय तिथेच संपायचा. आजोळी फोन केला तर आजी म्हणाली, "अगं, तुमच्या ताटात भाजी बदलत नसेल तर बाजूचं बदल. डाव्या बाजूला काय वाढतात?" मी म्हटलं, "मीठ." ती बराच वेळ हसत होती.

डावी बाजू म्हणजे चटणी, कोशिंबीर, लिंबू. आजीने जवस, कारळे, तीळ आणि शेंगदाणे अशा चार चटण्या पाठवल्या. चारही कोरड्या, त्यामुळे घट्ट झाकणाच्या डब्यात बरेच दिवस टिकतात. बटाटा तोच, पण सोमवारी जवसाबरोबर खाल्ला आणि मंगळवारी कारळ्याबरोबर, तर जेवण वेगळं लागतं. वर या बियांमधून प्रथिनं आणि चांगले स्निग्ध पदार्थ मिळतात ते वेगळंच.

दुसरा धडा जोडीचा. गहू, ज्वारी, तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, तर डाळीत मेथिओनिन कमी असतं. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वरण-भात, पिठलं-भाकरी, उसळ-पोळी, इडली-सांबार ही सगळी याच सर्किटची व्हेरिएशन्स! तेव्हा वरण पातळ आहे म्हणून ते वगळून नुसती पोळी-भाजी खाऊन उठू नका. उलट दोन वाट्या जास्त घ्या.

तिसरा धडा मोडाचा. कडधान्यात फायटेट नावाचा घटक असतो, तोही लोह अडवून धरतो. भिजवून मोड आणले की तो कमी होतो आणि सी जीवनसत्त्व वाढतं. मटकी रात्रभर भिजवायची, सकाळी पाणी काढून स्वच्छ ओल्या फडक्यात बांधून ठेवायची, रात्रीपर्यंत मोड येतात. थंडीत जरा जास्त वेळ लागतो. आंबट वास आला तर सरळ टाकून द्या. आणि कच्चे मोड खाण्यापेक्षा वाफवून घ्या, कारण ओल्या उबेत मोडाबरोबर जंतूही वाढतात.

शेगडी न पेटवता

खोलीत कॉइल वापरायला बंदी आहे (रेक्टर मॅडम, आमच्याकडे नाहीये!). म्हणून हे बिनविस्तवाचे पदार्थ:

दडपे पोहे: पातळ पोह्यांत बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, ओलं खोबरं, मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबू घालून कालवायचं, वर ताटली दडपून पंधरा मिनिटं ठेवायचं. घरी यावर फोडणी देतात. आपण भाजलेले शेंगदाणे नि चुरलेला पापड घालायचा.

सातूचं पीठ: भाजलेले गहू आणि डाळं यांचं पीठ. गूळ आणि दूध किंवा पाणी घालून कालवलं की झालं. सबमिशनच्या रात्री मॅगीपेक्षा हे जास्त वेळ साथ देतं.

अळीव: चमचाभर अळीव पाण्यात दोन तास भिजवायचे, फुगले की लिंबाच्या सरबतात घालायचे. दिसायला सब्जासारखे, आणि लोह भरपूर.

चणे-शेंगदाणे-गूळ: याला कृती लागत नाही. खिशात ठेवा, लॅबच्या बाहेर खा.

बटाट्याची बाजू

हे सगळं घेऊन आम्ही मेस कमिटीकडे गेलो. वाटलं भांडण होणार. पण मावशींनी शांतपणे विचारलं, "पालेभाजी करते की. पण दीडशे पोरींची मेथी निवडायची कोणी?" तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मेसमध्ये बटाटा का जिंकतो. तो निवडावा लागत नाही, आठवडाभर सडत नाही, कशातही मिसळतो आणि स्वस्त पडतो. मावशींकडे हात दोन आणि मदतीला एक मुलगी. इतकी वर्षं आम्ही विनोद केले, पण स्वयंपाकघरात जाऊन बघितलं कुणीच नव्हतं.

शेवटी तह झाला. मंगळवारी मोडाची उसळ. गुरुवारी पिठलं आणि ज्वारीची भाकरी, भाकऱ्या मोजक्याच, आधी नाव देणाऱ्यांना. शनिवारी सकाळी नाचणीची आंबील. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. रोज कोशिंबीर किंवा लिंबाची फोड. आणि सोमवारी पालेभाजी, पण एका अटीवर. रविवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा जणी टी.व्ही. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून मेथी निवडतो. पहिल्या रविवारी मी काड्या ठेवल्या आणि पानं टाकली. आता बरं जमतं. मेस बिल वाढलं नाही, कारण बटाटा आणि तेल दोन्ही कमी लागतं.

हॉस्टेलमधल्या प्रत्येकीला हे आवडतं असं मी म्हणणार नाही. आंबिलीला अजूनही काही जणी नाक मुरडतात आणि गुरुवारी दोन-तीन ताटं तशीच परत जातात. पण "आज मेसला काय आहे?" याला आता आठवड्यात चार तरी वेगळी उत्तरं आहेत.

गोळ्यांचा कोर्स चालूच आहे आणि जेवणानंतरचा चहा आता पाच वाजता सरकला आहे. मागच्या महिन्यात तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन १२.१ होतं. अजून ०.४ बाकी आहे. यंदाचं शिबिर दोन महिन्यांवर आलंय आणि आम्ही तिघींनी नावं दिली आहेत. बिस्किटाचा पुडा घेतल्याशिवाय परत यायचं नाही, असं ठरलंय!

तोपर्यंत मित्रमैत्रिणींनो, ताटात लिंबू पिळा, चहा तासभर थांबवा, आणि रविवारी वेळ असेल तर मेथी निवडायला या. शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल क्षमस्व, मी कॉन्व्हेंटची आहे हे वर सांगितलंच आहे.

– तृतीय वर्ष, ई अँड टीसी