गुडघ्याला बाशिंग बांधलेला मेंदू

वाक्य पुरतं ऐकून घ्यावं, मागचापुढचा संदर्भ लावावा, मग अर्थ काढावा. एवढा धीर मेंदूला कुठला! शब्द कानावर पडायचा अवकाश, हा उतावळा नवरा तयार.

१९७९ साली डेव्हिड स्विनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लोकांना एक मजकूर ऐकवला. सरकारी इमारतीतल्या खोलीत कोळी, झुरळं आणि इतर 'बग' सापडतात. इंग्रजीत बग म्हणजे किडा आणि चोरून संभाषण ऐकायचं यंत्रसुद्धा. आता झुरळांच्या गर्दीत यंत्राचं काय काम? पण 'बग' ऐकताक्षणी पडद्यावर 'मुंगी' दाखवा नाहीतर 'हेर', लोक दोन्ही शब्द चटकन ओळखत. 'शिवणे' हा बिनसंबंधाचा शब्द मात्र मागे पडे. तीनच अक्षरं पुढे जाऊन पुन्हा तपासलं, तर 'हेर' पसार, 'मुंगी' शिल्लक! आधी सगळे अर्थ उघडायचे, मग नको ते मिटायचे, आणि मालकाला पत्ताच नाही. लग्नघरात 'वर वर गेलाय' हे कळायला आपल्याला तरी कुठे वेळ लागतो?

एक शब्द शेजारच्यालाही जागं करतो. १९७१ साली मेयर आणि श्वानेव्हेल्ट या मानसशास्त्रज्ञांना दिसलं, की 'डॉक्टर'बरोबर 'नर्स' आली तर लगेच ओळखू येते; 'पाव'बरोबर आली तर थोडी रखडते.

पावावरून आठवलं. त्याने गरम पावाला लावले... मोजे! १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या संशोधकांनी असली वाक्यं वाचायला देऊन मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवल्या. विसंगत शब्द दिसल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी एक ऋण लहर उसळते. म्हणून तिचं नाव 'एन ४००'; एन म्हणजे निगेटिव्ह, ऋण. शब्द अर्थाला धरून असेल, पण नुसता मोठ्या टायपात छापला असेल, तर ही लहर येत नाही, दुसरीच येते. म्हणजे खटकतो तो अर्थ, अक्षरांचा आकार नव्हे.

मात्र अर्थावरचा हा पहारेकरी ढिलाही आहे. मोझेसने नौकेत प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले? १९८१ च्या प्रयोगात बहुतेकांनी बेधडक 'दोन' सांगितलं. बायबलमधली ती नौका नोहाची, मोझेसची नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं तरीही! अर्थाने जवळचं नाव आलं, की मेंदू 'चालतंय' म्हणून पुढे सरकतो.

आज जेवताना घरच्यांना सहज विचारा: द्रौपदीच्या स्वयंवरात भीमाने कशाचा डोळा फोडला? 'माशाचा' म्हणणाऱ्यांना हसू नका. आधी सांगा, भीम तुम्हाला खटकला होता का?