ओठ लहान करण्याची शस्त्रक्रिया : पालकांना काय सांगावे?

‘डॉक्टर, हिचे ओठ जाड आहेत, ऑपरेशनने लहान होतील का?’ असा प्रश्न बेळगाव-निपाणी परिसरातील पालक आता बालरोगतज्ज्ञालाही विचारतात. अशा वेळी मी प्रथम कारण शोधतो. रक्तवाहिन्यांची गाठ, अ‍ॅलर्जीची सूज किंवा थायरॉइडची कमतरता यांमुळेही ओठ जाड होतो. दात पुढे असल्यास ओठही पुढे दिसतात. तेथे दंतवैद्याचा सल्ला आधी घ्यावा.

शस्त्रक्रियेत ओठाच्या आतील श्लेष्मल त्वचेची आडवी पट्टी व तिच्याखालील काही ऊती काढून टाके घालतात. सूज काही आठवडे राहू शकते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, बधिरता, निबर व्रण आणि दोन्ही बाजूंतील असमानता हे संभाव्य धोके होत. सूक्ष्म लाळग्रंथी दुखावल्यास लाळेची गाठ होते. ऊती प्रमाणाबाहेर काढल्यास ओठ नीट मिटत नाहीत, आणि काढलेले पुन्हा जोडता येत नाही.

१९८१ च्या शेतकरी आंदोलनाने निपाणीची तंबाखू देशभर चर्चेत आली. हीच तंबाखू ओठात धरणाऱ्या मुलाची जखम उशिरा भरते, कारण निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. पालकांसमोर मुलगा हे सांगणार नाही. त्याला एकट्याला विचारावे.

चेहऱ्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबण्यात सहसा काहीच बिघडत नाही. मागणी मुलीची की नातेवाइकांची, वर्गात कोणी चिडवते काय, हेही जाणून घ्यावे. चिडवण्याचे दुःख टाक्यांनी भरून येईलच, अशी हमी कोणताही शल्यविशारद देऊ शकत नाही.