केळं सोलण्याआधी खाता का?

प्रश्न पोरकट वाटतो, पण पक्षाघातानंतर वाचा हरपलेल्या माणसाला किती समजतंय, हे असल्याच हो-नाही प्रश्नांतून कळतं. या दुखण्याचं नाव वाचाघात, म्हणजे अफेजिया. पक्षाघाताच्या साधारण तीन रुग्णांपैकी एकाला तो होतो. बुद्धी मात्र शाबूत असते!

कॅनडाच्या अँड्र्यू कर्टेझ यांची १९८२ची वेस्टर्न अफेजिया बॅटरी ही यातली नावाजलेली चाचणी. बोलण्यात ओघ आहे? समजतं? ऐकलेलं जसंच्या तसं म्हणता येतं? तीन प्रश्न, प्रत्येकी दोन उत्तरं, म्हणून वाचाघाताचे प्रकार आठ. शिवाय वस्तूंची नावं विचारतात आणि एका मिनिटात आठवतील तितके प्राणी सांगायला लावतात.

ब्रोका प्रकारात समजतं बरंच, शब्द मात्र अडतात. १८६१ साली पॅरिसमध्ये डॉ. पॉल ब्रोका यांनी तपासलेला लबॉर्न जवळपास 'तां' एवढंच बोलायचा. वेर्निके प्रकारात उलट. बोलणं धो धो, अर्थ हरवलेला. घरच्यांना वाटतं, वेड लागलं. तसं ते मुळीच नसतं. वहन प्रकार तर चक्रावणारा: समजतं, बोलताही येतं, पण ऐकलेलं वाक्य परत म्हणताना गाडी अडते.

आणि पाणी मागता न येणारा रुग्ण आरती मात्र म्हणू शकतो, एक ते दहा आकडेही मोजतो.

आता सोलापूरला या. पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराच्या घरात तेलुगू, बाजारात मराठी, अक्कलकोटच्या पाहुण्यांशी कन्नड, शेजारी दखनी. त्याला वाचाघात झाला, तर यातली आधी कोणती परतेल? अभ्यासक रिबो १८८१मध्ये म्हणाले, सर्वांत आधी शिकलेली. डॉ. पित्र १८९५मध्ये म्हणाले, जास्त वापरातली. रुग्ण दोघांचेही नियम मोडतात. कधी एकच भाषा परतते, कधी सगळ्या एकदम. म्हणून मिशेल पारादी यांच्या १९८७च्या द्विभाषिक चाचणीत प्रत्येक भाषा स्वतंत्र तपासतात. फक्त मराठीत तपासून 'काही समजत नाही' असा शेरा मारणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

वाचन-लेखनही वेगळं पाहावं लागतं. १८९२मध्ये डॉ. देजेरीन यांनी नोंदवलेल्या रुग्णाला लिहिता येई, पण स्वतःचंच लिहिलेलं वाचता येत नसे. मात्र पूर्व भागात मराठी शाळेत शिकलेल्या अनेकांना तेलुगू लिपी मुळातच येत नाही. तिथे तेलुगू वाचता न येणं हे दुखण्याचं लक्षण नव्हे. ही माहिती घरच्यांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना द्यावी.