दोन नोंदवह्या

श्रीगोंद्यात कुठं चोरी झाली की पहिली नजर पारध्यांच्या पालांकडे वळते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. १८७१ मध्ये आलेला 'गुन्हेगार जमाती' कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून रद्द झाला. हजेरीची वही मिटली. शिक्का पुसला नाही.

आता दुसरी वही आली आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्र सरकारने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. बलात्कार, बालकांवरील अत्याचार अशा गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची नावं, पत्ते, छायाचित्रं, बोटांचे ठसे तीत असतात. ती तपास यंत्रणांनाच पाहता येते. अमेरिकेत मात्र १९९६ च्या 'मेगनच्या कायद्या'ने अशी माहिती लोकांना कळवली जाते.

आपल्याकडेही नावं जाहीर करा, असं काही म्हणतात. त्यांचा संताप खोटा नाही. अत्याचार सोसणाऱ्या लेकीबाळी आपल्याच वस्तीतल्या असतात. जुनी वही जन्मावरून भरली जाई, नवी न्यायालयाच्या निकालावरून भरते. पण हा फरक गावची चावडी पाळील का? तिथं एका पारध्याचं नाव लागलं की त्याची पोरं, सगळी वस्तीच गुन्हेगार ठरते. आणि साक्षीदार फोडून सुटलेल्या धनदांडग्याचं नाव वहीत चढतच नाही.

म्हणून मागणी करायची तर आधी निकालाची करू, पाटीची नव्हे.