ही कार्बाइन खरंच कस्टरच्या लढाईतली आहे का?

जुन्या शस्त्रांच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास भेटतं: 'स्प्रिंगफील्ड कार्बाइन, मॉडेल १८७३, कस्टरच्या काळातली.' यातला 'काळातली' हा शब्द नीट वाचा. 'लढाईतली' असं कुणी लिहिलेलं नसतं, पण वाचणारा मनात तेच वाचतो आणि किंमत तिथेच चढते. मग खरंच लढाईत होती ती कोणती, हे ठरवायचं कसं?

आधी बंदुकीबद्दल थोडं. कार्बाइन म्हणजे घोडेस्वारासाठीची आखूड बंदूक. पायदळाच्या रायफलची नळी साडेबत्तीस इंचांहून जरा लांब, तर हिची २२ इंच. काडतुसात दारूही कमी: ७० ग्रेनऐवजी ५५. डाव्या बाजूला एक कडी असते. स्वाराच्या खांद्यावरच्या पट्ट्याचा हूक तिच्यात अडकवायचा. नळीच्या मागचं झाकण वर उचलून एक काडतूस भरायचं, झाडायचं, परत भरायचं.

२५ जून १८७६ रोजी, आजच्या मोंटाना राज्यात, लिटल बिगहॉर्न नदीकाठी अमेरिकेच्या सातव्या घोडदळाकडे हीच कार्बाइन होती. लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी कस्टर आणि त्याच्याबरोबरचे सुमारे २१० जण मारले. त्यांच्या कार्बाइन अर्थातच जिंकणाऱ्यांकडे गेल्या आणि तिथून कुठे कुठे पांगल्या.

आता संग्राहक काय तपासतो ते बघू.

पहिला क्रमांक. तो साधारण ४३,७०० च्या आत असेल, तर बंदूक लढाईआधीची धरतात. पण रायफल आणि कार्बाइन यांना एकाच मालिकेतले क्रमांक पडायचे. म्हणजे क्रमांकावरून फक्त वय कळतं.

दुसरा दस्ता. रायफलच्या दस्त्याला खालून गज बसवायची खाच असते, कार्बाइनला नसते. रायफल कापून कार्बाइन बनवणाऱ्याला ही खाच बुजवावी लागते. त्यामुळे बंदूक उलटी करायची आणि दस्त्याच्या खालच्या बाजूला ठिगळ दिसतं का ते बघायचं.

तिसरा दस्त्याचा मागचा टोकाचा पत्रा. त्यात छोटं झाकण आणि आत कप्पा असेल, तर तो दस्ता लढाईनंतरचा. त्या वेळच्या काडतुसांची पुंगळी मऊ तांब्याची असायची. बार उडाला की ती फुगून नळीत अडकायची. लढाईतून वाचलेल्या मेजर रीनोने याची लेखी तक्रार केली. पुढे अडकलेली पुंगळी काढायचं साधन ठेवायला हा कप्पा आला.

तिन्ही कसोट्या पास झाल्या तरी सिद्ध काय होतं? 'लढाईत असू शकते', एवढंच.

पुढची वाट एका वणव्याने उघडली. १९८३ मध्ये रणांगणावरचं गवत जळलं आणि १९८४ पासून डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स यांच्या चमूने मेटल डिटेक्टर घेऊन तिथे शोध घेतला. सापडलेल्या प्रत्येक पुंगळीची, प्रत्येक गोळीची जागा नोंदवली.

फायरिंग पिन पुंगळीच्या बुडावर आदळते तेव्हा खूण उमटते, पुंगळी ओढून काढणारा तुकडाही ओरखडा ठेवतो. प्रत्येक बंदुकीच्या खुणा थोड्या वेगळ्या. गुन्ह्याच्या तपासात पोलीस हेच पडताळतात. इथे त्यावरून एकेक बंदूक मैदानावर कुठून कुठे गेली हे मांडता आलं. अडकल्याच्या खुणा मात्र थोड्याच पुंगळ्यांवर दिसल्या. 'बंदुका अडकल्या म्हणून कस्टर हरला' ही लाडकी गोष्ट तिथेच लंगडी पडली. आणि आज उरलेल्या कार्बाइनमधून बार काढून ती नवी पुंगळी जुन्यांशी ताडून बघता येते. काही कार्बाइन अशा खरोखर जुळल्या आहेत.

म्हणून ज्या पुंगळ्या आधीच कुणी आठवण म्हणून उचलून नेल्या, त्यांची हळहळ वाटते. पुंगळीवरची खूण टिकते, पण ती कुठे पडली होती हे उचलणाऱ्याबरोबरच जातं. मग तिच्यावरून बंदूक ओळखता येईल, पण ती बंदूक त्या दिवशी कुठे उभी होती, हे कधीच कळणार नाही.